दुरावा, आजार आणि सहधर्म

शंका : कुष्ठरोगामुळे पती किंवा पत्नी काही वर्षे घरापासून दूर राहिल्यास दोघांमधील प्रेम टिकते काय? बरे होऊन परतलेल्या जोडीदाराला पुन्हा घरात घेणे धर्माला धरून आहे काय? अंथुर्णे येथून तुकोबांच्या पालखीबरोबर पंढरपूरच्या वारीला जाणे आणि दूरच्या रुग्णालयात जोडीदाराची भेट घेणे यांपैकी एकच शक्य असेल, तर काय करावे?

समाधान : विवाहसंस्कारातील सप्तपदीत, म्हणजे वधूवरांनी एकत्र चालावयाच्या सात पावलांत, सातवे पाऊल सख्यासाठी असते, आणि सख्य म्हणजे बरोबरीच्या नात्यातील जिव्हाळा एका छपराखाली राहण्यावर अवलंबून नसतो. वारकरी परंपरेने तर दुराव्यालाच भक्तीचे स्थान दिले आहे. ज्ञानेश्वरांच्या नावावरील विरहिणी, म्हणजे प्रियाच्या ओढीने व्याकुळ झालेल्या स्त्रीच्या भूमिकेतून परमात्म्याची आस मांडणारे अभंग, हे त्याचे प्रमाण आहे. मात्र विरहात समोरच्याचे स्मरण अखंड असते, आणि जेथे खुशाली विचारणे, घरातील निर्णयात मत घेणे, मुलाबाळांची भेट घडविणे हे सारे थांबते, तेथे दुरावा विरह न राहता त्याग होतो व प्रेम त्या त्यागाने क्षीण होते.

दुसऱ्या प्रश्नामागे कर्मविपाकाची, म्हणजे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ रोगरूपाने भोगावे लागते या समजुतीची, भीती आहे. कुष्ठरोग हा जंतूमुळे होतो हे नॉर्वेतील हॅन्सन यांनी 1873 मध्ये दाखवून दिले. 1981 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अनेक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली, आणि तिच्यामुळे रोगाच्या प्रकारानुसार साधारणतः सहा किंवा बारा महिन्यांत रुग्ण बरा होतो. उपचार सुरू झाल्यावर संसर्गाची शक्ती लवकरच संपत असल्याने बहुतेक रुग्णांना घर सोडण्याचीही गरज उरत नाही, म्हणून आजचा वर्षानुवर्षांचा दुरावा बहुधा रोगापेक्षा भीतीने व लाजेने लादलेला असतो. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने कुष्ठरोग हे घटस्फोटाचे एक कारण मानले होते. संसदेने 2019 मध्ये ते वगळले. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात, जेथे बाबा आमटे व साधनाताई यांनी घराने नाकारलेल्यांना आसरा दिला, तेथे रोगमुक्त स्त्रीपुरुषांनी एकमेकांशी विवाह करून संसार उभे केले, यावरून प्रेम करण्याची शक्ती रोगाने नष्ट होत नाही हे स्पष्ट होते. तेव्हा बरा झालेला जोडीदार आपल्याच घरी येत असतो, त्याला प्रायश्चित्ताची, म्हणजे पापक्षालनासाठी करावयाच्या विधीची, गरज नाही, आणि त्याचे ताट वेगळे मांडणे हाच अधर्म होय.

वारीविषयीच्या प्रश्नाचे उत्तर पंढरीच्या कथेतच आहे. तुकोबांची पालखी सणसर व बेलवाडी मागे टाकून अंथुर्ण्यात येते, तेव्हा सारा गाव सेवेला उभा राहतो. पण ज्या विठ्ठलाकडे ती निघालेली असते, तो विटेवर उभा राहिला तो आईवडिलांच्या सेवेत गुंतलेल्या पुंडलिकासाठी. देवाने स्वतः थांबून सेवेला आधीचा मान दिला असल्याने, रुग्णाच्या भेटीसाठी एका वर्षाची वारी चुकली तरी तो नेमभंग, म्हणजे घेतलेल्या व्रताचे उल्लंघन, ठरत नाही. गावात पालखीचे दर्शन घेऊन रुग्णालयाची वाट धरावी.

येथे एक सत्य सांगणे आवश्यक आहे. घर, शेती व मुले एकट्याने सांभाळताना मागे राहिलेल्या व्यक्तीचे मन थकते, आणि परतलेल्या जोडीदाराविषयी प्रथम परकेपणा वाटतो. हा परकेपणा पाप नव्हे, आणि त्यासाठी कोणी, विशेषतः सासरच्यांनी सुनेला, दोष देऊ नये. प्रेमाची पूर्वीची उत्कटता परत येईलच असे वचन कोणतेही शास्त्र देत नाही, पण सहधर्म, म्हणजे जोडीने पाळावयाचे कर्तव्य, त्या उत्कटतेची वाट पाहत थांबत नाही. औषधाने जंतू मरतात, तरी मज्जातंतूंना आधीच झालेली इजा बहुधा भरून येत नाही, त्यामुळे बधिर हाताला चुलीचा चटका आणि बधिर पायाला काट्याची जखम कळत नाही. म्हणून जोडीदाराने रोज संध्याकाळी ते हातपाय धुऊन, तळवे नीट पाहून, भेगांना तेल लावावे, कारण तुटलेली सवय अशाच रोजच्या सेवेतून पुन्हा जडते आणि प्रेमाला परतण्यास जागा मिळते.