कौल देवाचा आणि देवळाचा

२४ फेब्रुवारी १६७४. नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजर सहा सरदारांसह बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले आणि सातही जण कामी आले. स्मारक पुष्कळ नंतरचं. चबुतरा नव्हता तेव्हाही तिथून जाणाऱ्यांना ही खिंड ठाऊक होती. जागा आधी थोर झाली, बांधकाम मागाहून आलं.

खेड्यातल्या बहुतेक देवांचंही असंच असतं. शेंदूर फासलेला दगड आधी, भिंती नंतर. मग छप्पर लागतं कोणाला, देवाला की भक्ताला?

गडहिंग्लजहून चंदगडकडे जाणाऱ्या वाटेवर नेसरी लागतं. इथून पश्चिमेला सरकावं तसा पाऊस वाढत जातो, आणि आजरा-चंदगडच्या बाजूची जुनी देवळं या पावसाला ओळखून बांधलेली दिसतात. जोतं जांभ्याचं. हा दगड खाणीत मऊ असतो, वाऱ्याउन्हात ठेवला की कठीण होतो. वर लाकडी खांब, उतरतं छप्पर, त्यावर कौलं आणि चहूबाजूंनी मोकळा मंडप. पावसाला घसरून जायला उतार मिळतो, वाऱ्याला आरपार वाट मिळते, आणि भजनाला बसलेला माणूस कोरडा राहतो. गंमत शब्दाची आहे. छपरावर असतं ते कौल, आणि देव देतो तोही कौल. देवळाच्या कामाला हात घालायचा तर आधी देवाला विचारायचं, ही या भागातली जुनी रीत.

काही ठिकाणी देव नकार देतो. सह्याद्रीतल्या अनेक देवरायांमध्ये देव उघड्यावरच बसतो, कारण त्याला छप्पर चालत नाही अशी श्रद्धा असते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास केला, तेव्हा या श्रद्धेने किती रान राखलं ते समोर आलं. तिथे गाभारा म्हणजे झाडांची गर्द सावली. झाड तोडणं म्हणजे देवळाची भिंत पाडणं.

बाराव्या शतकात बसवेश्वरांनी या वादाला वेगळंच वळण दिलं. देऊळ स्थावर म्हणून ते ढासळणार. भक्ताचा देहच देऊळ आणि जंगम तेच टिकणार, असा त्यांचा विचार. गडहिंग्लज परिसरातल्या लिंगायत घरांमध्ये गळ्यातलं इष्टलिंग हाच देव. त्याला ना जोतं लागतं, ना कळस.

त्याच काळाच्या आसपास कृष्णाकाठी खिद्रापूरला कोपेश्वराचं भलंमोठं दगडी देऊळ उभं राहत होतं. मात्र त्याच्या स्वर्गमंडपाला मधोमध छत नाही. वर्तुळाकार झरोका थेट आभाळात उघडतो आणि बरोबर त्याखाली तेवढीच गोल रंगशिला आहे. कार्तिकी पौर्णिमेला चंद्र माथ्यावर आला की चांदणं त्या शिळेवर उतरतं. इतकं कोरीवकाम केलेल्या कारागिरांना छत घालता आलं नाही, असं कोण म्हणेल? मोकळी ठेवलेली ती जागाही त्यांनी घडवलेलीच आहे.

कोल्हापूरच्या अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारीअखेरीस मावळतीची किरणं महाद्वारातून आत शिरतात, चरणांपासून वर चढत मुखापर्यंत जातात. हा किरणोत्सव. कधी ढग आडवे येतात, कधी धूळ, तर कधी वाटेतली नवी इमारत. मग पेच पडतो, की देवीचं देऊळ नेमकं कुठे संपतं? किरणांची वाट अडली आणि पूजेत उणं राहिलं, तर आकाशाची ती पट्टीही देवळाच्याच हद्दीत धरावी लागेल.

जीर्णोद्धाराच्या उत्साहात हे भान बऱ्याचदा सुटतं. कौलं उतरतात, सपाट स्लॅब पडतो, मंडपाला भिंती येतात, जांभ्यावर चकचकीत फरशी बसते. भक्ती खरी असते, वर्गणीही खरी असते. पण जूनमध्ये पाऊस येतो आणि स्लॅबवर तुंबून राहतो. दोन-चार पावसाळ्यांत छत पाझरू लागतं. मग पुन्हा वर्गणी निघते, लोखंडी अँगल उभे राहतात आणि स्लॅबच्या डोक्यावर निळा पत्रा चढतो, अगदी जुन्या कौलांसारखा दोन्ही बाजूंनी उतरता.