चाल कुणी लिहिली नाही

नागपूरच्या महालात जुना वाडा उतरवायला घेतला की आधी सागवानी तुळयांचा भाव ठरतो, मग दारं-खिडक्यांचा. माळ्यावरच्या बासनांना भाव नसतो. त्यांत कुळांचे हिशेब, जुनी पंचांगं, एखादी पोथी आणि नशीब असेल तर एखादं बाड निघतं. बाड म्हणजे कीर्तनकाराची किंवा घरातल्या हौशी माणसाची हातवही. कागद मोलाचा, म्हणून कोरी जागा सोडायची नाही. अभंगाच्या खाली खोकल्यावरचा काढा, त्याखाली उसनवारीची नोंद, उरलेल्या चार बोटांत आरती. पदाच्या डोक्यावर कधी रागाचं नाव असतं, कधी नुसतं ‘चाल’ आणि पुढे दुसऱ्याच एका पदाचे दोन शब्द. ते दुसरं पद ज्याला येतं त्यालाच हे गाता येणार. बाकीच्यांच्या हाती शब्द तेवढे.

भक्तिगीत टिकलं असं म्हणतो तेव्हा नेमकं काय टिकलेलं असतं? शब्द, सूर, की गाणाऱ्याचा भाव, जो कुठल्याच कागदावर उमटत नाही? त्याला लागूनच दुसरा प्रश्न येतो. जे टिकलं ते श्रद्धेनं जपलं म्हणून टिकलं, की कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणून?

दुसऱ्या प्रश्नाचं चक्रावून टाकणारं उत्तर मध्ययुगीन फ्रान्सच्या संगीतात मिळतं. १३२०च्या सुमारास तिथे ‘आर्स नोव्हा’, म्हणजे नवी कला, या नावानं ओळखली जाणारी शैली रुजली आणि सुराची लांबी पूर्वीपेक्षा बारकाईनं लिहिता येऊ लागली. फिलिप द व्हित्री (१२९१–१३६१) या कवी-संगीतकाराचं नाव तिच्याशी जोडलेलं आहे. हा गृहस्थ पुढे बिशप झाला. पण काही पिढ्यांत ही नवी कलाही जुनी झाली. नवं संगीत आलं, नवी लिपी आली, आणि कालपर्यंत देवासमोर उघडल्या जाणाऱ्या वह्या वाचायला कुणी उरलं नाही. त्या होत्या कातड्यापासून केलेल्या चर्मपत्रावर. ते चिवट असतं, सहज फाटत नाही. बांधणीकारानं वह्या उसवल्या आणि त्यांची पानं दुसऱ्या ग्रंथांच्या पुठ्ठ्याआड लावली, आतला मजकूर घासला जाऊ नये म्हणून. इंग्लंडमधल्या डरहॅम कॅथीड्रलच्या ग्रंथालयात चौदाव्या शतकातल्या फ्रेंच रचना अशाच एका ग्रंथाच्या आगल्यामागल्या पानांवर सापडल्या. ग्रंथाचा विषय वेगळाच. संगीत होतं म्हणून ती पानं वाचली नाहीत. कातडं मजबूत होतं म्हणून वाचली.

यात धर्मद्वेष शोधायचं कारण नाही. पुष्कळदा पानं कापणारेही भाविकच होते, आणि त्याच देवासाठी नवं संगीत त्यांच्या हाताशी होतं. भक्ती जपते तशी टाकूनही देते, हे या पानांवरून कळतं.

फ्रान्सचंच आणखी एक उदाहरण मन अस्वस्थ करतं. १३७६ साली लिहिलेल्या एका मोठ्या संगीत-हस्तलिखिताचं, त्रेमॉय हस्तलिखित म्हणतात त्याचं, आज एक जोडपान उरलं आहे. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे आणि त्यावर अनुक्रमणिका आहे. शंभराहून अधिक रचनांचे पहिले शब्द ओळीनं लिहिलेले आहेत. त्यांतल्या काही रचना इतर संग्रहांत मिळतात, काहींचं फक्त नाव राहिलं. बाडातल्या त्या ‘चाल’ शब्दासारखीच ही खूण आहे: माहीत असणाऱ्यासाठी पुरेशी, इतरांसाठी बंद दार.

आता पहिल्या प्रश्नाकडे, आणि त्यासाठी रिद्धपूरला. अमरावती जिल्ह्यातल्या मोर्शी तालुक्यातलं हे गाव म्हणजे महानुभाव पंथाची काशी. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथे गोविंदप्रभू राहत होते, पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांचे गुरू. लोक त्यांना राऊळ म्हणत, वेडेही म्हणत. उतारवयात एकदा त्यांना लग्नाची लहर आली. भक्तांनी ती लीळा मानली आणि सोहळा मांडला. लग्न म्हटलं की धवळे, म्हणजे लग्नगीतं, हवेत; ते म्हणण्याचं काम चक्रधरांची शिष्या महदाइसा हिच्याकडे आलं. तिनं कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे तिथल्या तिथे रचून म्हटले. साल साधारण १२८६. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिचं नाव घेतात ते या धवळ्यांमुळे.

ते शब्द आज छापील मिळतात, अभ्यासक्रमात लागतात. त्या दिवशी तिनं कोणत्या चालीत म्हटले, हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही.

आणि शब्दांच्या जतनाबाबत या पंथाइतकं दक्ष क्वचितच कुणी असेल. चक्रधरांच्या मागे म्हाइंभटानं त्यांच्या आठवणी गोळा केल्या. ज्यानं जे पाहिलं-ऐकलं त्याला गाठून, विचारून, पंथाचे आचार्य नागदेव यांच्याकडून पडताळून त्यानं लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे यादवांचं राज्य बुडत असतानाच्या धामधुमीत मूळ प्रत गेली. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्या मुखातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. त्यांत हिराइसा या बाईचा पाठ आजही तिच्या नावानं ओळखला जातो. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर एकाला खोटं ठरवून खोडलं नाही. दोन्ही पाठ लिहून ठेवले. परंपरेनं स्वतःच्या आठवणीतली फट लपवली नाही, यापेक्षा मोठा प्रामाणिकपणा कुठला?

हे कष्ट का घेतले, याचं उत्तर पंथाच्या विचारातच आहे. महानुभावांच्या साधनेत स्मरणाला मोठं स्थान आहे: परमेश्वरावताराचं नाम, मूर्ती, लीळा, चेष्टा आठवत राहायचं. स्वामी कुठे बसले, काय जेवले, कुणाशी काय बोलले, यांतलं काहीच किरकोळ नाही. तिथे आठवण हीच उपासना, म्हणून शब्द चुकवून चालत नाही. पुढे ग्रंथ सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत गेले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे, वि. ल. भावे यांच्या प्रयत्नांनी बाहेरच्या वाचकांसाठी उघडले. नागपूरकरांचा वाटा त्यानंतरचा, आणि तो मोठा आहे. हरि नारायण नेने यांनी १९३६पासून लीळाचरित्राचे भाग नागपुरातून प्रसिद्ध केले. वि. भि. कोलते यांनी आयुष्यभर महानुभाव वाङ्मयाचा ध्यास घेतला. त्यांची लीळाचरित्राची संपादित आवृत्ती १९७८ साली आली. शब्दासाठी सातशे वर्षं एवढं सगळं झालं. सुरासाठी काहीच का नाही?

सूर जपताच येत नाही, असं म्हणायला जागा नाही. महालातच त्याचं उलट उदाहरण आहे. भोसला वेदशास्त्र महाविद्यालय ज्या वेदपठणाच्या परंपरेचं आहे तिनं उदात्त, अनुदात्त, स्वरित हे स्वर लिपीच्या आधाराशिवाय पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. घनपाठ म्हणताना शब्दांची फिरवाफिरव ऐकावी: पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक घर पुढे सरकायचं. कुठे स्वर ढळला की शेजारचा पाठक लगेच थांबवणार. स्वर चुकला तर मंत्र चुकला ही धारणा पक्की, म्हणून तो जपण्याची यंत्रणाही पक्की.

ती यंत्रणा महदाइसेच्या वाट्याला येणं शक्यच नव्हतं. ती बाई, त्यातही विधवा. वेदपठणाचं दार तिला बंद. चक्रधरांनी तिला जवळ केलं, तिच्या प्रश्नांना उत्तरं दिली, आणि लीळाचरित्रात ती खोदून खोदून विचारणारी म्हणून ठसठशीत उभी आहे. पंथानं तिचे शब्द उचलले ही मोठीच गोष्ट. चाल उचलली नाही, याचं कारण उपेक्षा असेल असं वाटत नाही. धवळे म्हणजे लग्नघरातलं बायकांचं गाणं. ते म्हणायचं कसं, हे मांडवातल्या प्रत्येकीला ठाऊक असणार. जे सर्वांच्या गळ्यात आहे ते लिहायचं कशाला? म्हणजे जे सगळ्यांत जास्त ओळखीचं, तेच आधी नाहीसं झालं.

श्रद्धाळू माणूस यावर म्हणेल की गाणं ज्याच्यासाठी होतं त्यानं ऐकलं. गोविंदप्रभूंच्या कानी पडलं तिथेच ते पूर्ण झालं. या म्हणण्यात बळ आहे, आणि महदाइसेलाही कदाचित हेच पटलं असतं. पुठ्ठ्याआड गेलेल्या त्या फ्रेंच रचनांनाही ते लागू पडतं. पण स्मरणालाच साधना मानणाऱ्या परंपरेत असं म्हणून थांबता येत नाही. स्वामींच्या हाताची हालचाल आठवायची, तर त्यांच्या गुरूंसमोर झालेलं गाणं कसं होतं, हा प्रश्नही त्या आठवणीचाच भाग आहे. भावाचा थोडा तरी अंश सुरात असतो. नुसते शब्द वाचून लग्नमांडवातला आनंद पुरता हाती लागत नाही.

वाट अगदीच बंद नाही. धवळ्यांच्या कडव्यांची घडण शाबूत आहे. यमक कुठे पडतं, ओळ कुठे तुटते, श्वास कुठे घ्यावा लागतो, हे शब्दच सांगतात. वऱ्हाडात, नागपूरकडे लग्नाच्या हळदीला, जात्यावर म्हटलेली बायकांची गाणी म्हाताऱ्यांच्या तोंडी अजून सापडतात. महानुभाव आश्रमांत पोथी म्हणण्याची स्वतःची ढब आहे. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभं राहिलं आहे. हस्तलिखितांचं काम तिथे व्हावंच. त्याच्या जोडीनं या गळ्यांचं ध्वनिमुद्रण गावोगाव जाऊन करावं, आणि लीळाचरित्र पुन्हा उभं करणाऱ्यांनी केलं तसं, दोघींच्या चालीत फरक निघाला तर दोन्ही चाली नावासकट नोंदवाव्यात.