पोचा आणि प्रायश्चित्त

वसईच्या पूर्वभागी, एव्हरशाईन सिटीत, ज्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर मी राहतो तिच्या आवारात, रात्रभर पाऊस कोसळून गेल्यानंतरच्या श्रावणातल्या एका सकाळी, माझी अठरा वर्षांची जुनी मोटारसायकल आडवी पडलेली आढळली. आणि पडता पडता पहारेकऱ्याच्या लाकडी बाकाची झिजून गोल झालेली कड नेमकी तिच्या पेट्रोलच्या टाकीस लागल्यामुळे, डाव्या अंगास, गुडघा टेकतो त्या जागेच्या थोडे वर, तळहाताएवढा पोचा पडला होता. रंग मात्र शाबूत होता. कणकेच्या गोळ्यावर अंगठा दाबावा तसा पत्रा आत गेला होता, पण त्या काळ्या तुकतुकीत पृष्ठभागावर तडा म्हणून नव्हता, आणि खळग्यात समोरच्या इमारतीचा सज्जा उलटा होऊन दिसत होता.

घडल्या प्रकाराची कैफियत प्रामाणिकपणे द्यावयाची तर ती माझ्याविरुद्ध जाते. आदल्या रात्री गाडी लावताना, आवारातील उखडलेल्या फरशीच्या जागी भुसभुशीत माती आहे आणि साईड स्टँड तीत दोन बोटे रुतला आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले होते. परंतु जवळ छत्री नव्हती, वर पाने वाढून झाली होती, आणि ‘एका रात्रीचा तर प्रश्न’ असे मनाशी म्हणून मी जिना चढलो होतो. यास अज्ञान म्हणता येत नाही, कारण मला ठाऊक होते. बुद्धिपुरस्सर केलेले कृत्यही म्हणता येत नाही, कारण गाडी पडावी अशी माझी इच्छा नव्हती. या दोहोंच्या मधल्या ज्या अंधाऱ्या पट्ट्यात माणसाचे बहुतेक अपराध घडतात त्यास आपल्याकडे प्रमाद असा शब्द आहे, आणि तो कानास इतका सौम्य वाजतो की अपराध्यास त्याचा आधारच वाटावा.

पोचा काढून देणारे वसईत पुष्कळ आहेत. त्यांची रूढ रीत अशी, की पोच्याच्या जागेवरचा रंग घासून पत्रा उघडा करावयाचा, जमेल तेवढा तो ओढून अगर ठोकून बाहेर आणावयाचा, उरलेला खळगा लांबी भरून सपाट करावयाचा, ती वाळली की पॉलिश पेपराने घासावयाची, आणि वरून अस्तर व रंग मारून मालकाच्या हाती ‘नवी’ टाकी द्यावयाची. या रीतीत लबाडी आहे असे मी म्हणत नाही; रंग तडकला असेल, तर दुसरा इलाजही नसतो. परंतु ज्या रंगाने पडत्या गाडीचा आघात सोसूनही आपले अंग फाटू दिले नाही, त्यालाच प्रथम खरवडून काढावयाचे, आणि ज्या पत्र्याने माघार घेतली त्याची माघार लांबीखाली कायम ठेवावयाची, हा न्याय मला उफराटा वाटला, आणि एवढ्यासाठीच रंगास हात न लावता पोचा काढणाऱ्या एका तरुण कारागिराचा पत्ता मी शोधून काढला.

गोखिवऱ्याच्या बाजूस लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे ओळीने उभे आहेत, त्यांतल्या एका अरुंद गाळ्यात त्याचे काम चालते. त्याने टाकीवरून बोटाचे पेर फिरवले आणि विचारले, “काका, रंग कंपनीचाच ना? मागं कधी लांबी-बिंबी भरलीय का?” नाही म्हणताच त्याचा चेहरा उजळला. “मग बघू. रंगवलेली असती तर घेतलीच नसती.” खुलासा त्याने नंतर केला तो असा, की टाकीच्या अरुंद तोंडातून आत घातलेली सळई या जागेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून पोचा बाहेरूनच ओढावा लागतो, बाहेरून ओढावयाचा म्हणजे गरम सरसाने प्लास्टिकची एक लहान गुंडी रंगावर चिकटवावयाची आणि ती खेचावयाची, आणि अशा खेचण्यात सारा भार पत्र्यापर्यंत पोहोचतो तो रंगाच्या मध्यस्थीने. कारखान्यात भट्टीत भाजून पक्का केलेला रंग हा येथे जामीन असतो. लांबीवर मारलेला रंग हा जामीन राहू शकत नाही. गुंडीबरोबर तो लांबीसकट उचकटून हातात येतो. म्हणजे एकदा झाकलेला दोष पुढच्या खऱ्या दुरुस्तीची वाटही बंद करून ठेवतो, हे मला त्या गाळ्यात, पत्र्याच्या स्टुलावर बसून प्रथमच कळले.

काम सुरू होण्यापूर्वी पेट्रोल काढून टाकी साबणाच्या पाण्याने धुऊन दिवसभर उघडी वाळत ठेवावी लागली, कारण पेटते ते पेट्रोलचे पाणी नसून हवेत मिसळलेली त्याची वाफ असते, आणि म्हणून काठोकाठ भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी दिसणारी टाकी अधिक घातक. दुसऱ्या दिवशी त्याने पोच्याची जागा स्पिरिटने पुसली आणि टाकीच्या बाजूस एक लांब ट्यूबलाईट उभी केली. मग तास-दीड तास तो मनुष्य टाकीकडे पाहत नव्हता. टाकीत पडलेल्या त्या दिव्याच्या प्रतिबिंबाकडे पाहत होता. चांगल्या पत्र्यावर ती रेघ सरळ धावे आणि पोच्यापाशी येताच माशाच्या गळासारखी वळे. पहिला धक्का त्याने खळग्यास दिलाच नाही. खळग्याभोवती पत्र्याची एक बारीक वळी उचलली गेली होती, डोळ्यास न दिसणारी, फक्त दिव्याची रेघ तेथे जाड होई. तीवर नायलॉनची बोथट मेख ठेवून लहान हातोडीने तो टिचक्या मारीत राहिला. “हा काठ बसल्याशिवाय मधला भाग सुटत नाही. काठानंच त्याला आत धरून ठेवलंय.” त्यानंतर गुंडी, त्यानंतर बेताची ओढ, पुन्हा स्पिरिट, पुन्हा टिचकी. एकेका ओढीत रेघ केसाएवढी सरळ होई.

या ठिकाणी मला महाविद्यालयात वाचलेला तर्कसंग्रह आठवला, आणि त्याचे कारण सांगितले पाहिजे. अन्नंभट्टाच्या सतराव्या शतकातील या चिमुकल्या पुस्तकाची, यशवंत वासुदेव आठल्ये यांनी टीपा लिहिलेली आणि महादेव राजाराम बोडस यांनी प्रस्तावना जोडलेली आवृत्ती १८९७ मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत निघाली, आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या मराठी विद्यार्थ्यांनी न्यायशास्त्राचे पहिले घोट तीतून घेतले. त्यात चोवीस गुणांपैकी संस्कार या गुणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: वेग, भावना आणि स्थितिस्थापक. सुटलेल्या बाणास पुढे नेतो तो वेग; अनुभव सरल्यावर आत्म्यात उरून पुढे स्मृती उत्पन्न करते ती भावना; आणि गुंडाळलेली चटई अगर वाकवून सोडलेली फांदी ज्यामुळे मूळ जागी परत येते तो स्थितिस्थापक. शाळेच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकांतील ‘स्थितिस्थापकता’ हा शब्द आपण या घराण्यातूनच उचललेला आहे. मौज अशी, की माणसाचे स्मरण आणि चटईचे उलगडणे ही दोन्ही त्या शास्त्रकारांस एकाच सदराखाली घालावीशी वाटली, जरी पहिले केवळ आत्म्याचे आणि दुसरे केवळ जडाचे, अशी हद्द त्यांनी कसोशीने आखून ठेवली.

पोच्याचे सारे रहस्य याच स्थितिस्थापकात आहे. आत गेलेल्या पत्र्याचा पुष्कळसा भाग आपली मर्यादा ओलांडून ताणला गेलेलाच नसतो. त्यास परत यावयाचे असते, आणि काठाची वळी त्यास येऊ देत नाही. कारागीर पत्र्यास काही शिकवीत नसतो, त्याची अडवणूक दूर करीत असतो. जेथे धातूत वाकण्याचा गुणच नाही तेथे त्याची विद्या लंगडी पडते. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतल्यानंतर या मुलखातल्या ज्या घंटा देवळादेवळांतून गेल्या, आणि ज्यांपैकी नाशिकच्या नारोशंकराची घंटा सर्वांच्या परिचयाची आहे, त्या ओतीव धातूच्या. अशा घंटेस पोचा पडत नाही. ती एक तर शाबूत राहते, नाही तर तडकते, आणि तडकलेल्या घंटेचा नाद परत आणावयाचा तर ती बहुधा वितळवून नव्याने ओतावी लागते. माणसांतही ही जात असते. तिच्याविषयी मला आदर आहे, पण तिच्या शेजारी राहणे अवघड जाते.

परंतु पोच्याच्या मध्यावर, जेथे बाकाची कड प्रत्यक्ष टेकली, तेथील पत्रा मर्यादेपलीकडे ताणला गेलेला असतो, आणि ताणलेला पोलादी पत्रा तेथे पूर्वीपेक्षा कठीण होतो. पुण्याच्या तांबट आळीत घागरीवर हातोड्याच्या खुणा उमटवीत मठारकाम करतात ते केवळ शोभेसाठी नसते. त्या घावांनी तांबे घट्ट होते. मार खाल्लेल्या धातूचा हा हेकटपणा काढावयास एकच उपाय आहे, आणि तो म्हणजे अग्नी: ६०० ते ७०० अंश सेल्सिअसपर्यंत पोलाद तापवले म्हणजे ते झाले-गेले विसरून मऊ पडते. मात्र तितक्या आचेत रंगाची राख होईल. बाहेरचा रंगही राहावा आणि आतल्या धातूने आघात विसरावा, या दोन्ही मागण्या एका अर्जात करता येत नाहीत, आणि ज्याने रंग राखण्याचे पत्करले त्याने धातूची आठवण पत्करलीच.

मग ‘पूर्ववत झाले’ असे आपण म्हणतो त्याचा अर्थ तरी कोणता? याचेही उत्तर त्याच चिमुकल्या पुस्तकात, अभावाच्या प्रकरणात, सापडते. वस्तू उत्पन्न होण्यापूर्वीचा तिचा अभाव तो प्रागभाव. त्यास आरंभ नसतो, पण अंत असतो. वस्तू नष्ट झाल्यानंतरचा तिचा अभाव तो प्रध्वंसाभाव. त्यास आरंभ असतो, पण अंत नसतो. श्रावणातल्या त्या रात्रीपूर्वी माझ्या टाकीवर पोचा नव्हता, आणि कारागिराच्या हातून सुटल्यावरही तो नसेल; व्यवहारात आपण दोन्हीस एकच ‘नाही’ लावतो, पण नैयायिकाच्या दप्तरात या दोन ‘नाहीं’ची नोंद निरनिराळ्या खात्यांवर होते, आणि एका खात्यावरची रक्कम दुसऱ्यावर वर्ग होत नाही. निरागसता हा पापाचा प्रागभाव आहे. निवृत्ती हा त्याचा प्रध्वंसाभाव आहे. प्रायश्चित्ताने निरागसता परत मिळते अशी समजूत बाळगणारा मनुष्य तर्काच्या पहिल्याच पायरीवर घसरतो. पण म्हणून दुसरा अभाव पहिल्याहून हलका ठरतो, हे मला कबूल नाही. उलट अनादी असलेला पहिला अभाव एका ओल्या रात्रीत संपुष्टात येतो, आणि उशिरा जन्मलेला दुसरा अभाव, त्या विशिष्ट पोच्यापुरता, कधीच संपत नाही. बाळाच्या निर्मळपणाचे कौतुक आपण फार करतो.

आमच्या धर्मशास्त्रकारांनी या बाबतीत दाखवलेला संयम विलक्षण आहे. प्रायश्चित्ताने नकळत घडलेले पाप जाते, आणि जाणूनबुजून केलेल्या पापाचा कर्ता तेवढ्याने फक्त व्यवहार्य, म्हणजे चारचौघांत वावरण्यास पात्र होतो, असे याज्ञवल्क्यस्मृतीत सांगितले आहे. आणि मिताक्षराकार विज्ञानेश्वराने त्यावर असे विवरण केले, की पापास दोन शक्ती असतात, एक नरकास नेणारी आणि दुसरी लोकव्यवहार अडवणारी, पैकी दुसरीच अशा प्रायश्चित्ताने दूर होते. त्याच वचनात एक अवग्रह मानून नेमका उलट अर्थ लावणारे पंडितही होऊन गेले. एका न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरचिन्हावर माणसाचा समाजातला प्रवेश लटकावा, हे आपल्या परंपरेच्या बुद्धिवैभवाचे लक्षण समजावे की दुर्दैवाचे, याचा फैसला मी करीत नाही. माझ्या घरापासून थोड्या अंतरावर, रेल्वेच्या पलीकडे, वसईच्या ख्रिस्ती वाड्यांतून पापनिवेदनास जाणाऱ्या माझ्या मित्रांच्या धर्मातही याशी समांतर भेद आहे: धर्मगुरूच्या मुखाने दोषाची क्षमा होते, तरी त्या दोषापोटी भोगावयाचे ऐहिक शासन शिल्लक राहू शकते. येथे आणि तेथे, खाते एका सहीने बेबाक झाले असे म्हणण्याची घाई कोणी केलेली दिसत नाही.

मला याज्ञवल्क्यस्मृतीतला ‘व्यवहार्य’ हा शब्द आवडतो. त्यात पावित्र्याचा गर्व नाही. ज्यावर विसंबून चार लोक पुन्हा व्यवहार करू शकतील असा, एवढेच तो सांगतो. आतले काय ते ज्याचे त्याच्यापाशी ठेवतो. माझा प्रमाद ‘नकळत’ आणि ‘जाणूनबुजून’ यांपैकी कोणत्या सदरात पडेल हे मी त्या स्टुलावर बसून बराच वेळ ठरवीत होतो, आणि रुतलेला स्टँड डोळ्यांपुढून हलत नव्हता.

सूर्य कलला तेव्हा ट्यूबलाईटची रेघ टाकीवरून जवळजवळ सरळ गेली होती. मध्यभागी, मेथीच्या दाण्याएवढ्या जागेत, ती अजून किंचित थरथरल्यासारखी दिसे. त्या पोराने गुंडी हातात घेतली आणि माझ्याकडे पाहिले. “अजून एकदा ओढू शकतो, पण इथं पत्रा ताणलाय. निघेलही, नाही तर रंगाला तडा जाईल. तुम्ही सांगा.” मी राहू दे म्हणालो. त्याने स्पिरिटने सरसाचा शेवटचा डाग पुसला, फडक्याने टाकी चकचकीत केली आणि पैसे मोजून घेतले.

घरी पोहोचलो तेव्हा पुन्हा झड लागली होती. पहारेकरी बाकावरून उठून जवळ आला, वाकून डावी बाजू न्याहाळली आणि म्हणाला, “निघाला की पोचा, साहेब?”

“चालण्यासारखा झाला,” मी म्हटले. त्याने बाकाखालून शहाबादी फरशीचा एक तुकडा काढून मातीवर ठेवला आणि पायाने दाबून बसवला. मी स्टँड त्यावर टेकवला, हँडल धरून गाडी दोनदा हलवून पाहिली, आणि पाऊस वाढला होता तरी थोडा वेळ तेथेच उभा राहिलो.