खुडण्याचा हक्क

कझाकस्तान, दक्षिण रशिया व युक्रेन येथील गवताळ स्टेप प्रदेशात वसंत ऋतूत श्रेंक ट्युलिपची रानफुले उमलतात. ही वनस्पती प्रामुख्याने बियांपासून वाढते आणि बी रुजल्यावर पहिले फूल येण्यास कित्येक वर्षे लागतात. १९५४ पासून सोव्हिएत राजवटीने एकट्या कझाकस्तानात दोन कोटींहून अधिक हेक्टर माळ नांगरला. धान्य हवे होते. त्या गरजेला आम्ही सरसकट दोष देणार नाही. परंतु केवळ हौसेखातर खुडलेल्या गुच्छाचे काय? फुलाबरोबर न धरलेले बीही जाते. गुच्छ चार दिवसांत कोमेजतो. माळ मात्र वर्षानुवर्षे रिता राहतो. सौंदर्याची ओढ वाईट नव्हे. परंतु पुढे येणाऱ्यांचा वाटा आपण उचलावा काय?