सवलत कोणाची? नोकरीतला लाभ, घरचा हक्क आणि अस्तेय

कर्मचारी सवलत योजनेतून लॅपटॉप घेण्याचा व्यवहार सोपा असतो. कार्यालयीन ईमेलने ओळख पटवायची, हवा तो प्रोसेसर, रॅम, साठवण आणि पडदा निवडायचा, आणि बाजारभावापेक्षा कमी पैसे भरायचे. पण ही कमी झालेली किंमत नेमकी कोणाची मिळकत आहे, हा प्रश्न तितका सोपा नाही. ती नोकरदाराची असेल तर त्याने ती भाच्याला द्यायला हरकत नसावी. ती त्याची नसेल, तर घरच्या माणसाला मदत केल्याचे समाधान मानताना त्याने दुसऱ्याचे काहीतरी वाटून टाकले, असे म्हणावे लागेल. चोरी कशाला म्हणायचे, घराचे ऋण कुठवर जाते आणि गरज कुठे संपते, हे धर्मविचारातले तीन जुने प्रश्न या एका खरेदीत एकत्र येतात.

मागणीप्रमाणे संगणक जोडून दुकानदाराशिवाय थेट ग्राहकाला विकण्याची पद्धत मायकेल डेल यांनी 1984 साली अमेरिकेतील ऑस्टिन येथे सुरू केलेल्या कंपनीने जगभर रुजवली. मध्यस्थाचा नफा वाचल्यामुळे किमतीत सूट द्यायला जागा राहिली. लॅपटॉप बनवणाऱ्या कंपन्या अशी सूट स्वतःच्या कर्मचाऱ्यांना देतात, तशीच घाऊक खरेदी करणाऱ्या संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही देतात. हा दानधर्म नाही. पहिल्या प्रकारात ती नोकरीच्या मोबदल्याचा भाग असते, दुसऱ्यात मोठा ग्राहक टिकवण्याचा उपाय. दोन्हीकडे साधारणपणे अटी असतात: वर्षाला ठरावीक नग, फेरविक्रीला मनाई, आणि लाभ फक्त कर्मचाऱ्याला किंवा त्याच्या जवळच्या कुटुंबाला. ‘जवळचे कुटुंब’ या शब्दांपाशीच खरी अडचण सुरू होते.

उदाहरण म्हणून पिशोर घेऊ. हे कन्नड तालुक्यातील मोठे गाव. मका, कापूस आणि अद्रक यांच्या उत्पन्नावर चालणाऱ्या अशा गावांतली मुले शिकून वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा येथील कारखान्यांत किंवा पुण्याच्या संगणक कंपन्यांत नोकरीला लागतात. भावकीत एखाद्यालाच अशी नोकरी असते. मग पॉलिटेक्निकला प्रवेश घेतलेला भाचा म्हणतो, “मामा, तुमच्या कंपनीतून काढून द्या ना.” कंपनीच्या नियमांत जवळचे कुटुंब म्हणजे नवरा-बायको, मुले, फार तर आईवडील. पिशोरच्या घरात मात्र भाचा आणि पुतण्या परके नसतात. या मागणीला निव्वळ लोभ म्हणणे अन्यायाचे होईल. मामाच्या शिक्षणाची फी ज्या वर्षी भरली, त्या वर्षी बहिणीच्या लग्नाचा खर्च आखडता घेतला गेला असेल. त्याच्या नोकरीत घराचे भांडवल आहे, आणि घर ते विसरत नाही.

या दाव्याला शास्त्राचा आधारही होता. याज्ञवल्क्य स्मृतीवरील विज्ञानेश्वराच्या ‘मिताक्षरे’नुसार वडिलोपार्जित धनाला धक्का न लावता मिळवलेली संपत्ती तेवढी स्वतःची, घरच्या पैशाने घेतलेल्या विद्येची कमाई मात्र सामाईक धरली जाई. विद्याधनाचा हा वाद थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला. गोकळचंद विरुद्ध हुकूमचंद या 1921 च्या निकालात, कुटुंबाच्या खर्चाने शिकून सनदी सेवेत गेलेल्या माणसाची कमाई एकत्र कुटुंबाची ठरली. त्यानंतर 1930 च्या हिंदू विद्याधन कायद्याने ती कमाई शिकणाऱ्याची स्वतंत्र मिळकत केली, शिक्षणाचा खर्च कोणीही केलेला असो. कायद्याचा प्रश्न तिथे मिटला. नैतिक ऋण मिटले नाही, आणि मिटायलाही नको.

पण मिताक्षरेचा जुना नियम जसाच्या तसा मानला, तरी त्यातून घराचा हक्क पगारावर ठरतो, सवलतीवर नव्हे. आजच्या कायद्याने तर पगार एकदा हाती आला की पूर्णपणे मिळवणाऱ्याचा होतो. तो त्याने कोणालाही द्यावा. सवलत ही त्याच्या खिशात आलेली रक्कमच नसते. एका तिसऱ्या पक्षाने काही अटींवर दिलेले ते वचन आहे. अट मोडली की वचन उरत नाही, उरते फक्त कमी भरलेली किंमत. जे स्वतःचे नाही ते दान करता येत नाही, मग घेणारा कितीही जवळचा असो.

पिशोरपासून फार दूर नसलेल्या वेरूळच्या 34 लेण्यांपैकी शेवटची पाच, 30 ते 34 क्रमांकांची, जैन आहेत. ज्या परंपरेने ती कोरली, तिने या प्रश्नाचा विचार विलक्षण बारकाईने केला आहे. उमास्वातींचे ‘तत्त्वार्थसूत्र’ न दिलेले घेण्यालाच चोरी मानते. इथे कुलूप तोडण्याची किंवा मालकाला पत्ता लागू न देण्याची गरजच नाही. या व्याख्येने पाहिले तर मामाला देऊ केलेली सूट भाच्याला दिलेली नाही, म्हणून भाच्यासाठी ती अदत्त आहे. गृहस्थाच्या अचौर्य अणुव्रताला डाग लावणारे पाच अतिचारही या ग्रंथात सांगितले आहेत: चोरीला प्रवृत्त करणे, चोरीचा माल घेणे, राज्याचे नियम डावलणे, खोटी वजनेमापे वापरणे आणि नकली माल खपवणे. पहिल्या दोन अतिचारांकडे विशेष लक्ष द्यावे. उद्युक्त करणारा आणि स्वीकारणारा, दोघांनाही त्यात जबाबदार धरले आहे. ‘मी फक्त मागितले, दिले त्यांनी’ हा बचाव तिथे टिकत नाही.

इस्लामी परंपरेत याहून थेट कसोटी सापडते. ‘सहीह बुखारी’त इब्न अल्-लुतबिय्या या जकात गोळा करणाऱ्याची हकिकत आहे. गोळा केलेला माल पैगंबरांपुढे ठेवताना त्याने एक वाटा बाजूला काढला आणि तो आपल्याला भेट मिळाल्याचे सांगितले. आईवडिलांच्या घरी बसून राहिला असता तर ती भेट त्याच्याकडे चालत आली असती का, असा पैगंबरांच्या प्रश्नाचा आशय होता. सवलतीला ही कसोटी लावली की दोन गोष्टी वेगळ्या होतात. मालकाने उघडपणे, सगळ्यांना सारख्या नियमाने दिलेली सूट निर्दोष आहे. ती खुर्चीमुळे मिळते हे कोणीच लपवत नाही. पण कार्यालयासाठी लॅपटॉपची खरेदी ठरवणाऱ्या अधिकाऱ्याला विक्रेत्याने इतरांपेक्षा जास्त सूट देऊ केली, तर तो इब्न अल्-लुतबिय्याचाच वाटा आहे. भाच्याला दिलेल्या लॅपटॉपपेक्षा हा दोष कितीतरी मोठा आहे, आणि त्याबद्दल कमी बोलले जाते.

रक्कम लहान आहे, कंपनी मोठी आहे, हा युक्तिवाद नेहमी पुढे येतो. त्याचे उत्तर पिशोरच्याच जिल्ह्यातल्या देवगिरीच्या किल्ल्यावर आहे. जनार्दनस्वामींच्या सेवेत हिशेब पाहणाऱ्या एकनाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी रात्र जागवली, अशी आख्यायिका महाराष्ट्रात घरोघरी सांगितली जाते. पैची किंमत तेव्हाही नगण्यच होती. दुसऱ्याचा हिशेब सांभाळणाऱ्याची निष्ठा रकमेच्या आकारावर ठरत नाही, एवढेच ती आख्यायिका सांगते.

इथवरचा विचार परवानगी असण्या-नसण्याचा झाला. महात्मा गांधींनी 1930 साली येरवडा तुरुंगातून आश्रमवासीयांना व्रतांविषयी पत्रे लिहिली, ती ‘मंगलप्रभात’ या नावाने प्रसिद्ध आहेत. त्यांतले अस्तेयाचे विवेचन याच्या पुढे जाते: गरज नसलेली वस्तू देणाऱ्याच्या परवानगीने घेतली, तरी ती चोरीच. हवा तसा लॅपटॉप जोडून घेण्याची सोय माणसाला नेमकी इथे गाठते. पुढच्या पायरीवर आणखी थोडे पैसे, त्याच्या पुढच्या पायरीवर आणखी थोडे. आणि सवलत असल्यामुळे प्रत्येक वाढ खर्च न वाटता बचत वाटू लागते. भाच्याला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे, आणि मागणी होते ती चित्रपट संकलनाला पुरेल अशा यंत्राची.

यावर जैन गृहस्थधर्मात परिग्रह-परिमाणाचे व्रत आहे. वस्तू समोर येण्याआधीच मर्यादा ठरवायची, समोर आल्यावर नाही. लॅपटॉपच्या बाबतीत ते सहज पाळता येते: कोणते काम करायचे, किती वर्षे वापरायचा आणि किती पैसे, हे संकेतस्थळ उघडण्यापूर्वी कागदावर लिहून काढावे. मात्र मर्यादा म्हणजे कंजुषी नव्हे. आजच्या अनेक पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मुख्य पटलावरच पक्की जोडलेली असते, नंतर वाढवता येत नाही. काही वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी सुरुवातीलाच 8 ऐवजी 16 जीबी घेणे ही त्या विद्यार्थ्याची खरी गरज असू शकते. गरज आजच्या दिवसाने मोजायची नाही, कामाने मोजायची.

एक अस्वस्थ करणारी गोष्ट तरीही उरते. चांगल्या पगाराच्या माणसाला लॅपटॉप स्वस्त मिळतो, आणि शेतमजुराच्या मुलीला तोच लॅपटॉप दुकानातून पूर्ण किमतीत, हप्त्यांनी घ्यावा लागतो. लॅपटॉपवरील 18 टक्के जीएसटी छापील बिलातल्या सवलतीनंतरच्या किमतीवर लागतो, त्यामुळे तिच्या वाट्याला करही जास्त येतो. यात सवलत घेणाऱ्याने चोरी केलेली नाही. पण त्याच्याकडे जे वाचले, त्यावर समाजाचे काहीच मागणे नाही, असे म्हणणे ज्ञानोबा-तुकोबांच्या महाराष्ट्राला शोभत नाही.

मामापुढे स्वच्छ मार्ग आहेत. योजनेचे नियम आधी वाचावेत, आणि शंका असेल तर मनुष्यबळ विभागाला लेखी विचारावे. काही योजनांत नातेवाईक बसतात, तिथे संकोचाचे कारण नाही. कंपनी वापरलेले संगणक कर्मचाऱ्यांना विकत असेल तर तोही रस्ता आहे. 1962 च्या आयकर नियमांनी अशा संगणकाचे मूल्य वापराच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला, उरलेल्या किमतीवर 50 टक्क्यांनी कमी धरले होते, त्यामुळे दोन वर्षांनी ते एक चतुर्थांशच उरत असे. यातले काहीच जमत नसेल, तर भाच्याचा लॅपटॉप दुकानातून घ्यावा आणि सवलतीएवढा फरक मामाने स्वतःच्या पगारातून भरावा. घराचे ऋण फेडण्याची योग्य जागा तीच आहे.