आपत्ति आणि हरकत

आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत एक जुनी गंमत आहे. सरकारी कचेरीच्या भिंतीवर 'आपत्ति' मागवल्याची नोटीस लागली, की घरातली आजी धसकून विचारते, "अरे, कसली आपत्ती आली?" हिंदीत आपत्ति म्हणजे आक्षेप आणि मराठीत आपत्ती म्हणजे संकट. उलट आपण ज्याला हरकत म्हणतो, ती हिंदीत खोडी किंवा आगळीक ठरते. तिकडचे 'अनापत्ति प्रमाणपत्र' ते आपले 'ना हरकत प्रमाणपत्र'. दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या वाचकांना हे नवे नाही. मलाही ते नुसते हसण्यापुरतेच ठाऊक होते. पण एका अर्जाने मला दाखवून दिले, की एकाने घेतलेली हरकत दुसऱ्याच्या दारात खरोखरच आपत्ती होऊन उभी राहू शकते.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. हुशार, धडपड्या, वडिलांमागे घर सांभाळलेला. काही वर्षे त्याने इंदूरच्या हॉटेलांत नोकरी केली. मग उज्जैनमध्ये स्वतःचे उपाहारगृह काढायचे त्याने ठरवले. नुसते उपाहारगृह नव्हे. तिथेच बियर तयार करायची आणि तिथेच ती ताजी द्यायची. सातूचा माल्ट, हॉप्स नावाच्या वेलीची फुले, यीस्ट आणि पाणी एवढेच घटक, दोन-तीन आठवडे आंबवायचे, झाले, असे त्याने मला एखाद्या प्रयोगवहीतल्या कृतीसारखे समजावून सांगितले. २०२४ च्या पावसाळ्यानंतर त्याने जागा पाहिली ती नेमकी आमच्या वसाहतीच्या तोंडाशी.

मध्य प्रदेशात मद्यविक्रीच्या दुकानासाठी देवालय आणि विद्यालय यांपासून ठेवायचे अंतर २०२३ च्या धोरणाने पन्नास मीटरवरून शंभर मीटर केले. त्याच धोरणाने दारूच्या दुकानांना लागून असलेले 'अहाते'ही बंद केले. त्याची जागा या मोजमापात बसत होती. तरी आम्ही वसाहतीतल्या मंडळींनी हरकत घेतली. मसुदा अर्थातच माझ्याकडे आला. मी चार मुद्दे लिहिले : संध्याकाळी शिकवणीहून परतणाऱ्या मुलींचा हाच रस्ता आहे, वाहने उभी करायला जागा नाही, पिऊन गाडी चालवणाऱ्यांचा धोका आहे, आणि घरातल्या मुलांच्या डोळ्यांसमोर रोज हे नको. त्याला बोलावून समजावलेही, "अरे, धंदा वाईट म्हणत नाही मी. पण इथे नको. जरा बाहेर बघ." तो गुरूचा मान राखून उठला. आम्ही जिंकलो होतो, आणि मला त्याचे समाधानही वाटले होते.

पुढे शासनानेच हा प्रश्न आमच्यापुरता मिटवला. जानेवारी २०२५ मध्ये महेश्वर येथे झालेल्या मंत्रिमंडळाच्या बैठकीत धार्मिक नगरांमध्ये मद्यविक्री बंद करण्याचा निर्णय झाला आणि १ एप्रिल २०२५ पासून एकोणीस ठिकाणी तो अमलात आला. त्यात उज्जैन आहे, ओंकारेश्वर आणि महेश्वर आहे, आणि आपल्या तापीचे उगमस्थान मुलताईही आहे. मौज अशी, की ज्या धोरणाने ही दुकाने बंद केली, त्याच धोरणाने त्याच दिवसापासून राज्यात इतरत्र दहा टक्क्यांहून कमी मद्यार्काच्या पेयांसाठी नव्या प्रकारचे बार उघडण्याची सोय केली. म्हणजे शासनानेही मद्याला हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती जागेला.

आणि जागेचे कोडे उज्जैनइतके अवघड क्वचितच कुठे असेल. काळभैरवाला इथे मद्याचा नैवेद्य दाखवतात. पुजारी ताटली मूर्तीच्या ओठांना लावतो आणि भाविकांच्या देखत ती रिकामी होते. याच भैरवाला महादजी शिंद्यांनी आपली पगडी वाहिली अशी परंपरा सांगतात, आणि आजही देवाच्या मस्तकी शिंदेशाही पगडी असते. नगरात विक्री बंद झाली तरी हा नैवेद्य बंद झाला नाही. भाविकाने बाटली बाहेरून आणायची, एवढेच. ज्याच्या नाटकांवर इथे दरवर्षी समारोह भरतो, त्या कालिदासालाही मद्याचे वावडे नव्हते. त्याच्या 'मालविकाग्निमित्रा'तली राणी इरावती मद्याच्या धुंदीत रंगमंचावर येते. तेव्हा 'आमच्या संस्कृतीत हे कधीच नव्हते' असे म्हणणाऱ्याने निदान उज्जैनमध्ये तरी ते जपून म्हणावे. संस्कृतीने मद्य नाकारले नव्हते. त्याला वेळ, स्थळ आणि मर्यादा नेमून दिली होती.

असो. माझा विद्यार्थी माझ्या सल्ल्याप्रमाणे 'बाहेर' गेला. महापालिकेच्या हद्दीपलीकडे, रस्त्यालगतच्या एका खेड्यात त्याने शेतजमीन घेतली, तिच्या डायव्हर्शनसाठी, म्हणजे शेतीऐवजी धंद्याच्या वापरासाठी, अर्ज केला आणि परवानगीच्या मागे लागला. २०२५ च्या पावसाळ्यात त्या खेड्यातले चार-पाच पालक माझ्याकडे आले. त्यांची मुले आमच्याच शाळेत येतात. त्यांच्यातल्या एक बाई म्हणाल्या, "सर, तुमच्या कॉलनीसाठी तुम्ही जो अर्ज लिहिला होता, तसाच आमच्यासाठी लिहून द्या. आमच्याही मुली त्याच रस्त्याने सायकलवर येतात."

वाचकहो, पस्तीस मुलांच्या वर्गात निरुत्तर होण्याची सवय मुख्याध्यापकाला नसते. त्या दिवशी मी निरुत्तर झालो. माझ्या अर्जातला एकही मुद्दा त्या खेड्याला कमी लागू होत नव्हता. उलट जास्तच होत होता. आमच्या रस्त्यावर दिवे आहेत, त्यांच्या रस्त्यावर नाहीत. आमच्या वसाहतीत वकील आहेत, निवृत्त अधिकारी आहेत, अर्ज लिहिणारे हेडमास्तर आहेत. त्यांच्याकडे मी होतो, आणि त्यांच्या दारी ते गिऱ्हाईक मीच पाठवले होते. 'बाहेर बघ' म्हणताना मला सुचलेच नाही, की बाहेर म्हणजे मोकळे मैदान नव्हे. माझे बाहेर ते कोणाचे तरी आत असते. गावाबाहेर म्हणजे दुसऱ्या कोणाच्या तरी गावात.

प्रश्न केवळ एका उपाहारगृहाचा असता तर मी हा लेख लिहिला नसता. नको असलेली वस्तू हद्दीपलीकडे ढकलणे आणि त्यालाच नीती समजणे हा आपल्या सगळ्यांचा स्वभाव होऊन बसला आहे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. शेजारच्या चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. हद्दीवर राहणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको, की बंदीच्या जिल्ह्याची तहान हद्दीपलीकडच्या दुकानावर जाऊन बसते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये महामार्गांपासून पाचशे मीटरच्या आत मद्यविक्री नको असा निकाल दिला. हेतू अपघात टाळण्याचा, आणि तो निःसंशय चांगला. पण काही राज्यांनी महामार्गांनाच शहरातले साधे रस्ते ठरवण्याचा घाट घातला, आणि केरळमधल्या एका बारने तर प्रवेशद्वारापासून वळणावळणाची लांबलचक वाट बांधून अंतर भरून काढले! टेप खोटे बोलत नाही. पण टेपला हे कळत नाही, की आपण काय मोजण्यासाठी इथे आलो आहोत.

याच्या विरुद्ध टोकाचा विचारही करून पाहिला पाहिजे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ च्या आपल्या स्वातंत्र्यावरील ग्रंथात दारूबंदीच्या चळवळीवर कठोर टीका केली. दुसऱ्याचे पिणे हे माझ्या सामाजिक हक्कांवरचे आक्रमण आहे, असे एकदा मान्य केले तर कोणाचेही कोणतेही वागणे माझ्या हरकतीतून सुटणार नाही, असा त्याच्या म्हणण्याचा आशय. तरीही विक्रेत्याचा फायदा लोकांच्या अतिरेकात असतो, म्हणून विक्रीवर काही बंधने योग्य ठरतात, हे त्यानेही मानले. आपल्या राज्यघटनेचे सत्तेचाळिसावे कलम तर राज्याने मद्यनिषेधासाठी प्रयत्न करावा असे सांगते. म्हणजे एकीकडे माझ्या विद्यार्थ्याचा उदरनिर्वाहाचा हक्क, दुसरीकडे त्या खेड्यातल्या आईची भीती. यांतले एक खरे आणि दुसरे खोटे असते, तर निर्णय सोपा होता. दोन्ही खरी आहेत.

मग हरकत घ्यावी की न घ्यावी? बराच विचार केल्यावर मला तीन गोष्टी दिसल्या.

पहिली ही, की जी हरकत मी माझ्या दाराशी घेतो, तीच शेजाऱ्याच्या दाराशीही घेण्याची तयारी असेल, तरच ती नैतिक. नाहीतर ती नुसती सोय आहे. सोय पाहणे हा गुन्हा नव्हे, पण तिला नीतीचे नाव देऊ नये.

दुसरी, हरकत परिणामांवर असावी, किळसेवर नसावी. रस्त्यावरचा अंधार, रात्रीचा गोंगाट, पिऊन चालवलेली गाडी, सांडपाणी या गोष्टी मोजता येतात आणि दुरुस्तही करता येतात. 'असली माणसे आमच्याकडे नकोत' ही हरकत मोजता येत नाही. आज ती बियर पिणाऱ्यावर असते, उद्या मांस खाणाऱ्यावर जाते आणि परवा भाड्याने खोली मागणाऱ्या परजातीच्या कुटुंबावर. माझ्या चार मुद्द्यांतला शेवटचा, 'डोळ्यांसमोर नको' हा, याच जातीचा होता. तो लिहिताना माझी लेखणी अडखळली नव्हती, हे आज कबूल केले पाहिजे.

तिसरी, ज्यांच्या दाराशी गोष्ट उभी राहणार, त्यांना आधी विचारले गेले पाहिजे. महाराष्ट्रात गावागावांतल्या बायांनी 'उभी बाटली की आडवी बाटली' असे मतदान करून दुकाने बंद पाडली. त्या मतदानाचे मोल केवळ दारू हटली यात नव्हते. आजवर जिला कोणी विचारले नव्हते, तिला विचारले गेले, यातही ते होते. भू-उपयोग बदलताना हरकती मागवण्याची तरतूद आपल्या कायद्यांत असते. पण ती नोटीस ज्या भाषेत आणि ज्या भिंतीवर लागते, तिथवर त्या आईची सायकल पोहोचत नाही.

मी त्या पालकांचा अर्ज लिहून दिला. पहिले तीन मुद्दे तेच ठेवले, चौथा गाळला. त्याऐवजी लिहिले, की ग्रामसभेत सगळ्यांसमोर, बायांसमोरही, हा विषय वाचून दाखवावा. आणि रस्त्याला दिवे, वाहनतळ, बंद होण्याची वेळ व सांडपाण्याची व्यवस्था आधी ठरल्याशिवाय परवानगी देऊ नये. खाली माझी सही केली आणि त्याच संध्याकाळी विद्यार्थ्याच्या घरी जाऊन मसुदा त्याच्या हाती ठेवला. त्याला तो दुसऱ्या कोणाकडून कळू नये, एवढी तरी भीड ठेवायला हवी होती.

त्याने तो दोनदा वाचला. मग म्हणाला, "सर, तुम्ही बाहेर जा म्हणालात, मी गेलो. आता कुठे जाऊ?" त्याच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरे वाटले असते. आईने चहा आणला. तिने मला काहीच विचारले नाही.

मी त्याला म्हटले, "ग्रामसभेला तू स्वतः ये. मीही येतो. तू काय करणार आहेस ते सांग, त्यांना काय हवे ते ऐक. जमले तर तिथेच कर. नाही जमले, तर दुसरी जागा शोधायला मी तुझ्याबरोबर फिरेन." ज्याने 'इथे नको' म्हटले, त्याच्यावर 'मग कुठे' या प्रश्नाचा निम्मा भार पडतो, हे मला फार उशिरा कळले होते. तो काही बोलला नाही, पण कागद घडी घालून खिशात ठेवला.

हे लिहीपर्यंत निकाल लागलेला नाही. एका रविवारी आम्ही दोघे त्याच्या मोटारसायकलवरून ती जागा पाहून आलो. शेताला लागून गेलेला तो रस्ता मी प्रथमच संध्याकाळी पाहिला. शाळेच्या गणवेशातल्या तीन मुली सायकलवरून गेल्या आणि मला पाहून, लाजून उतरल्या. "नमस्ते सर," म्हणाल्या. माझ्याआधी त्यानेच त्यांना उत्तर दिले, आणि मग बराच वेळ तो त्या दिवा नसलेल्या वळणाकडे बघत उभा राहिला.