माकड, माणूस आणि दत्त महाराज

दत्तभक्तहो, मागच्या साली जयंतीच्या सप्ताहात आमच्या घरी गुरुचरित्राचं पारायण चालू होतं. दुपारी पोथी बांधून ठेवली तसा दहावीतला नातू जवळ आला अन् म्हणाला, "आजोबा, आमच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात पहिलाच धडा उत्क्रांतीचा आहे. मग ब्रह्मदेवानं सृष्टी केली ते काय?" मी खेकसलो, "पोथीपुढं असलं बोलू नये!" पोरगं गप्प झालं. संध्याकाळी आरतीला आलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

जानेवारी २०१८ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, औरंगाबादच्या वैदिक संमेलनात तेव्हाचे केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले होते, की डार्विनचा सिद्धांत चूक आहे. माकडाचा माणूस होताना पाहिल्याचं आपल्या पूर्वजांनी कुठं सांगितलेलं नाही. देशातल्या तीन विज्ञान अकादम्यांनी मिळून त्याला हरकत घेतली. खोटं कशाला बोलू, मला मंत्र्यांचंच पटलं होतं. या शास्त्रज्ञांना देवाधर्माचं वावडं, असं मी पारावर बोललोही.

नातू रुसल्यावर मात्र त्याचं पुस्तक मीच काढून बसलो. कळलं ते असं, की माकड आपला आजा आहे असं विज्ञान म्हणतच नाही. चिंपांझी अन् आपण भाऊबंद. मूळ पुरुष एक, तो साठ-सत्तर लाख वर्षांमागचा. एका वाड्यातून दोन घरं फुटली, तर एका घरचा माणूस दुसऱ्या घरच्याचा बाप होत नाही. "मग आजची माकडं माणूस का होत नाहीत?" हा आमचा पारावरचा हुकमी प्रश्न तिथंच संपला.

आणि कोणी पाहिलं म्हणाल, तर खापरपणजा तरी कोणी पाहिलाय? जुन्या कागदावर त्याचं नाव असतं, म्हणून आपण मानतो. जमिनीचेही असेच कागद असतात. मांजरेच्या खोऱ्यात, लातूरकडं, हत्तीची अन् पाणघोड्याची दगड झालेली हाडं सापडली आहेत. आज मांजरेत पाणघोडा सांगितला तर लोक हसतील, पण हाडं तर आहेत.

काही कीर्तनकार सांगतात, मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह हीच उत्क्रांती. ऐकायला गोड आहे, मला मात्र पटत नाही. अवतार भक्ताच्या हाकेला धावतो, प्राणिशास्त्र शिकवायला येत नाही. उद्या विज्ञानानं आपलं म्हणणं दुरुस्त केलं, तर अवतारांचा क्रम बदलायचा का?

अमेरिकेत १९२५ साली उत्क्रांती शिकवली म्हणून एका मास्तरला कोर्टानं १०० डॉलर दंड केला. तिथल्या कित्येकांना जग जेमतेम सहा हजार वर्षांचं वाटे. आपली पुराणं तर कोटींच्या हिशेबात बोलतात. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातलं नासदीय सूक्त सृष्टी कुठून आली हे विचारतं आणि शेवटी म्हणतं, वरचा अध्यक्ष जाणत असेल, कदाचित तोही नसेल. त्या ऋषीला कोणी खेकसलं नाही.

खरं दुखणं मानाचं आहे. जनावराच्या नात्यातलं म्हणवून घ्यायला जिवावर येतं. पण दत्त महाराजांच्या पायाशी कोण आहेत? चार कुत्री, मागं गाय. भागवताच्या एकादश स्कंधातल्या अवधूतानं चोवीस गुरू केले, त्यांत कबूतर, अजगर, हरीण, मासा, कोळी. त्याला कमीपणा वाटला नाही, तर मला का वाटावा?

एक प्रश्न राहतोच. माणूसही प्राणीच, तर धर्म-अधर्म कशाच्या जोरावर? देह कुठून आला हे कळल्यानं त्या देहानं काय करावं हे कळत नाही, एवढं मी स्वतःला सांगतो. पुरतं समाधान झालंय असं म्हणणार नाही.

नातवाला बोलावून "माझं चुकलं" म्हणालो. या साली अवधूताचे गुरू वाचायला त्यालाच बसवलंय. कोळ्याजवळ आला की थांबतो अन् म्हणतो, "आजोबा, ह्याला आठ पाय, हा कीटकात येत नाही." आरतीला कधी येतो, कधी येत नाही.